डायरीत 'टॉक्स बॅक' आलंय? पोराला शाबासकी देऊ नका!

मागच्या महिन्यात पोराच्या शाळेच्या डायरीत बाईंनी दोनच शब्द लिहून पाठवले, 'टॉक्स बॅक'. आम्ही बारावी शिकलेलो. टॉक म्हणजे बोलणं, बॅक म्हणजे परत. विचारलं की पोरगं उत्तर देतं, असा अर्थ लावला आणि सही ठोकली. वर वडापावला वीस रुपयेही दिले. पालक सभेत उलगडा झाला, टॉक बॅक म्हणजे मोठ्यांना उलटून बोलणं. सगळ्यांदेखत मान खाली घालायची वेळ आली.

इंग्रजीत माणसाच्या बोलण्याला असे बरेच शब्द आहेत आणि शब्दाला शब्द लावला की हमखास फसतं. खुरप्याची धार गेली की ते बोथट, इंग्रजीत ब्लंट. मग ब्लंट माणूस म्हणजे मिळमिळीत बोलणारा असेल ना? नाही. समोरच्याला काय वाटेल याची फिकीर न करता तोंडावर तोडून बोलतो, तो ब्लंट. 'शार्प टंग' म्हणजे जिभेला धार, टोचून बोलणारा. म्हणजे धार असली तरी लागतं, नसली तरी लागतं!

मुलाखतीला जाणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. 'मी स्पष्ट बोलतो' सांगायचं असेल तर 'आय ॲम ब्लंट' म्हणू नका, समोरच्याला उद्धटपणा वाटू शकतो. 'आय ॲम स्ट्रेटफॉरवर्ड' म्हणा. 'आउटस्पोकन' म्हणजे बाहेर बोलणारा नव्हे, आपलं मत बेधडक मांडणारा.

'स्मूद टॉकर' ऐकायला बरं वाटतं, पण ते कौतुक क्वचितच असतं. गोड बोलून गळ्यात माल मारणारा, तो हा. बियाणं विकायला येतात त्यात एखादा भेटतोच. 'ऑल टॉक' म्हणजे नुसत्या बाता, काम शून्य. निवडणुकीत जास्त सांगायला नको.

मुद्द्यावर न येता गोल गोल बोलणाऱ्याला 'बीटिंग अराउंड द बुश' म्हणतात. हे शिकारीतून आलंय. हाकारे झुडपं बडवून सावज उठवायचे, त्यावरून.

लग्नाच्या बायोडेटात 'सॉफ्ट-स्पोकन' लिहितात. त्याचा अर्थ हळू, सौम्य आवाजात बोलणारी. कमी बोलणारी असा नाही, ती असेल तर 'क्वाएट' लिहा.

परवा डायरीत नवा शेरा आला, 'टॉकेटिव्ह'. म्हणजे बडबड्या. आधी शेजारच्या मास्तरांना विचारलं, मग सही केली. वीस रुपये मात्र दिले नाहीत.