फ्रिजखालचं फडकं

पावसाळ्यात डेंग्यूच्या वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकांना मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘फ्रिजमागचा ट्रे शेवटचा कधी धुतलात?’ असा ट्रे असतो, हेच अनेकांना ठाऊक नसतं. एका आजींनी मात्र सांगितलं, ‘डॉक्टर, फ्रिज गळतोय. महिनाभर खाली फडकं टाकलंय.’ त्यांच्या नातवाला चावलेला डास कुठला, हे सांगता येणार नाही. पण गळक्या फ्रिजकडे दुर्लक्ष नको, एवढं नक्की.

फ्रीझरवरचा बर्फ वितळला की पाणी एका छिद्रातून, नळीवाटे मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेनं हळूहळू उडून जातं. छिद्रात अन्नाचे कण किंवा बर्फ अडकला, की तेच पाणी आत साचून फरशीवर येतं. दाराचं रबर सैल असेल तर दमट हवा आत शिरते, बर्फ जास्त धरतो आणि ट्रेही भरून राहतो.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असं साचलेलं स्वच्छ पाणी मानवतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. म्हणून ट्रे नुसता ओतू नका, आठवड्यातून एकदा घासून धुवा.

फ्रिज गळत असेल तर आधी स्विच बंद करून प्लग काढा. फरशी लगेच पुसा. घसरून खुब्याचं हाड मोडलेले वृद्ध आम्ही नेहमी पाहतो. बर्फ आपोआप वितळू द्या, सुरीनं खरवडू नका. गॅसची नळी फुटू शकते. छिद्रात कोमट पाणी सोडून पाहा. तरीही गळती थांबली नाही, तर मेकॅनिकला बोलवा.

फ्रिज थंडच होत नसेल, तर दोन तासांहून जास्त वेळ कोमट राहिलेलं दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकून द्या. वास चांगला आहे म्हणून अन्न सुरक्षित ठरत नाही. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा. एकदा गोठलेलं पुन्हा वापरू नका.

आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळताना कुंड्या, पिंपं, कूलर आपण पाहतो. या रविवारी फ्रिजही थोडा पुढे ओढा.