पोट भरलं, मन नाही!

मागच्या महिन्यात आमच्या सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. साडी घ्यायची की गळ्यातलं, यावर घरात खल चालला होता. त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, "मला काही नको गं. एकदा हॉटेलात न्या. मी बसते, मला कुणीतरी गरम गरम वाढू दे."

ऐकून गलबलून आलं. सोलापुरात लक्ष्मी-विष्णू मिलचे भोंगे वाजायचे त्या काळात या बाईनं गिरणी कामगारांचे डबे केले. पहाटे चारला चूल पेटायची. आयुष्य दुसऱ्याला वाढण्यात गेलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही सात जण थाटामाटात एका नव्या, एसी हॉटेलात गेलो. टेबल मिळालं ते हात धुण्याच्या बेसिनशेजारी. पाणी मागून मागून दहा मिनिटांनी आलं. वेटरचा एक डोळा आमच्याकडे, एक शेजारच्या टेबलावर. सासूबाईंनी त्याला दोनदा सांगितलं, "शेंगाभाजी कमी तिखट कर, भाकरी मऊ आण. दात नाहीत रे बाळा."

चाळीस मिनिटांनी मुलांचे पदार्थ आले, मग आमचे. सगळ्यांचं निम्मं जेवण झालं तरी सासूबाईंचं ताट रिकामंच. "तुम्ही जेवा, मला भूक नाही," म्हणत त्या पाणी पीत बसल्या. शेवटी भाकरी आली ती गार, वातड. भाजी जाळ तिखट. बदलून मागितली तर उत्तर आलं, "आज गर्दी आहे, वेळ लागेल." त्यांनी दह्यात कुस्करून दोन घास खाल्ले. तेवढ्यात शेजारचं टेबल पुसायला आलेला फडका आमच्याही टेबलावर फिरला. पुढची माणसं उभी होती ना!

माझा मुलगा त्या वेटरवर खेकसला. सासूबाईंनीच त्याला अडवलं. पोराला विचारलं, "जेवलास का रं?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "आजी, सकाळी अकरापासनं उभा आहे. आठ टेबलं एकट्याकडं आहेत."

सासूबाई म्हणाल्या, "चूक त्याची नाही. गल्ल्यावर बोल."

आपण बायका इथंच कच खातो. "जाऊ दे, लोक बघतायत," म्हणून पैसे मोजतो आणि घरी येऊन आठवडाभर कुरकुरतो. मीही उठणारच होते, पण बिल बघितलं. एक हजार आठशे चाळीस रुपयांवर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे १८४ रुपये! सेवा कुठली, तर ही!

काउंटरवर गेले. आवाज चढवला नाही. म्हटलं, "हा चार्ज आम्हाला द्यायचा नाही, काढून टाका." मालक म्हणाले, "सगळेच देतात, मॅडम." मी म्हटलं, "मग १९१५ ला फोन लावून विचारू या." त्यांनी निमूटपणे आकडा खोडला. गार भाकरीबद्दलही सांगितलं. उत्तर तेच, "आज गर्दी होती." 'चुकलं' हा शब्द काही निघाला नाही. त्याला तर पैसाही पडत नाही!

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. हॉटेल संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं या सूचना कायम ठेवल्या. मात्र जीएसटी हा सरकारी कर आहे, तो वेगळा. आणि खुशीनं टिप द्यायची तर ती वेटरच्या हातात द्या.

चार्ज काढायला सांगूनही काढला नाही, तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथंही निकाल लागला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथं फी नाही. गार भाकरीसाठी कुणी आयोगात जाणार नाही, हे मलाही कळतं. पण जेवण चालू असतानाच, शांतपणे, मालकाला सांगणं एवढं तर आपल्या हातात आहे. आणि राग काढायचा तो आठ टेबलं एकट्यानं सांभाळणाऱ्या पोरावर नव्हे. त्याच्या जोडीला दुसरा माणूस न ठेवून पैसे वाचवणाऱ्याला जाब विचारा.

पुढच्या रविवारी सासूबाईंना एका साध्या खाणावळीत नेलं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकडी. भाकरी थापणाऱ्या बाईंनी एकदाच सासूबाईंकडे पाहिलं. काही न विचारता तव्यावरची भाकरी मोडून शेंगाभाजीच्या रश्श्यात भिजवली, वर दही घातलं आणि म्हणाल्या, "सावकाश जेवा आई, घाई नाही."

सासूबाईंनी अर्धी भाकरी आणखी मागून घेतली. येताना रिक्षात म्हणाल्या, "हात धुतले, पण वास अजून हाताला आहे बघ." त्या दिवशी बिल किती झालं, मला आठवत नाही.