गॅसच्या विहिरीचे खारे पाणी

आपल्या बडोद्यात नळाने घरोघर गॅस येऊ लागून पुष्कळ वर्षे झाली. शेगडीची कळ फिरवली की निळी ज्योत दिसते. पण जमिनीतून गॅसबरोबर पाणीही वर येते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आठवीच्या वर्गात एकाने विचारले, "त्या पाण्याचे काय करतात?" हा प्रश्न जिथे फार बिकट झाला, त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

तेथे जमिनीखाली खोलवर मार्सेलस नावाचा शेल खडक आहे. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या चिखलापासून तो बनला. गॅस त्याच्या बारीक छिद्रांत अडकलेला असतो, म्हणून पाणी, वाळू व थोडी रसायने प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला भेगा पाडाव्या लागतात. (आपल्या घरी येणारा सगळा गॅस असा काढलेला नसतो, हे पालकांनी लक्षात घ्यावे.) सुरुवातीच्या काळात एका विहिरीला दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागे; अलीकडच्या लांब आडव्या विहिरींना त्याहूनही जास्त लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तरी दीड-दोन हजार खेपा झाल्या!

यातले थोडेच पाणी परत वर येते, पण येताना खडकातला जुना खारटपणा घेऊन येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या पाण्यात कधी कधी त्याच्या पाचपट. शिवाय बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि किंचित किरणोत्सर्गी रेडियमही असते.

पहिल्या वर्षांत हे पाणी शहरांच्या सांडपाणी केंद्रांकडे पाठवले जाई. ती केंद्रे मैला साफ करण्यासाठी बांधलेली, मीठ काढण्यासाठी नव्हेत. क्षार तसेच नदीत जात. त्यांतील ब्रोमाइडचा पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनशी संबंध आला की अपायकारक संयुगे तयार होतात. अखेर २०११ च्या मे महिन्यात राज्याने कंपन्यांना हे थांबवण्यास सांगितले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या केंद्रांपुरता बंदीचा नियमच केला. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या ओहायो राज्यात खोल विहिरीत पाणी कोंबणे. ३१ डिसेंबर २०११ रोजी तेथील यंग्जटाउनजवळ ४ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. त्याचा संबंध अशाच एका विहिरीशी असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवले.

मग विहिरीजवळच पाणी साफ करून पुढच्या विहिरीत वापरण्याची पद्धत वाढली. ट्रेलरवर बसवलेली यंत्रे जागेवर आणतात. गाळ खाली बसवतात, आपण तुरटी फिरवतो तशी रसायने घालून बारीक कण एकत्र करतात, गाळून घेतात, जिवाणू मारतात. बेरियम काढण्याची युक्ती तर आपल्या दहावीच्या मुलांनी प्रयोगशाळेत पाहिलेली आहे: बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सोडियम सल्फेट ओतले की पांढरा साका खाली बसतो. अगदी तेच! रेडियम रासायनिक स्वभावाने बेरियमचा भाऊच, म्हणून तोही त्याच साक्यात उतरतो. पाणी सुधारते, पण तो गाळ आता सांभाळून टाकावा लागतो.

मीठ मात्र बहुधा काढतच नाहीत. ऊर्ध्वपातनाने काढता येते, पण इंधन फार जळते आणि मिठाचे ढीग उरतात. त्यामुळे खारे पाणीच गोड्या पाण्यात मिसळून पुन्हा खडकात सोडतात. याला 'पुनर्वापर' म्हणतात ते बरोबरच आहे. पण ऐकणाऱ्याला वाटते की पाणी पिण्याजोगे झाले. तसे ते होत नाही. लाभ आहे तो नदीतून कमी पाणी उपसण्याचा आणि टँकरच्या खेपा वाचण्याचा, आणि तो लहान नाही.

अडचण येते ती नव्या विहिरी खोदणे मंदावते तेव्हा. गॅसचे भाव पडले, तसे २०१५-१६ मध्ये खोदकाम पुष्कळ घटले. जुन्या विहिरी मात्र वर्षानुवर्षे थोडे थोडे खारे पाणी देतच राहतात. ते घ्यायला पुढची विहीर जवळपास नसली, की टँकर पुन्हा ओहायोच्या रस्त्याला लागतात.