कर्करोगग्रस्त बालकाचे मन व वर्तन

कर्करोग हा उतारवयाचा, तंबाखू-बिडीचा रोग ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की, पाच वर्षांच्या मुलाला तो झाला असे डॉक्टर सांगतात तेव्हा आईबापांना प्रथम ते खरेच वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुले व किशोर या रोगाने ग्रस्त होतात, आणि त्यांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. संपन्न देशांत शंभरातील ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांपैकी अनेकांत हे प्रमाण तिसाच्याही खाली आहे. औषधे व पैसा यांविषयी बोलले जाते, आणि ते आवश्यकच आहे. परंतु उपचार ज्याच्या देहावर चालतात त्या मुलाच्या मनात काय चालते, ते एकाएकी हट्टी, रागीट किंवा अबोल का होते, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो करू इच्छितो.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. प्रथम सुमारे महिनाभर तीव्र औषधे, पुढे काही महिने आलटून पालटून इंजेक्शने, आणि नंतर दीर्घकाळ घरी घ्यावयाच्या गोळ्या. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा काळ त्याच्या उभ्या आयुष्याच्या निम्म्याहून अधिक असतो, ही गोष्ट मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. आपण 'थोडे दिवस सोस' असे म्हणतो. त्याला ते थोडे दिवस दिसतच नाहीत.

येथे एक गोष्ट आईबापांना आरंभीच सांगितली गेली पाहिजे. उपचारातील प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही स्टेरॉइड औषधे मुलाचा स्वभाव पालटून टाकतात. मूल मध्यरात्री उठून भात मागते, दिला तर ताट भिरकावते, विनाकारण रडते, आईला मारते, झोपत नाही. चेहरा सुजल्यासारखा गोल होतो. घरची माणसे म्हणतात, लाडाने बिघडले. वास्तविक हा औषधाचा परिणाम असतो व औषध थांबल्यानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत तो ओसरतो. हे आधी ठाऊक असले तर आईचा हात उगारला जात नाही. मूल थोडे मोठे असेल तर त्यालाही सांगावे की, हा राग गोळीमुळे येतो आहे, तू वाईट झालेला नाहीस. मात्र प्रत्येक बदल औषधाच्या माथी मारू नये. मूल एकाएकी गुंगल्यासारखे झाले, असंबद्ध बोलू लागले किंवा त्याला ताप आला, तर तो स्वभावाचा प्रश्न नव्हे. त्याच क्षणी रुग्णालयात कळविले पाहिजे. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने पायांतील शक्ती कमी होते व जबडा दुखतो. चालावयास नकार देणारे मूल आळशी नसते.

दुसरे कारण भीतीचे. कमरेच्या हाडातून मज्जा काढणे, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तेथे औषध सोडणे, पुन्हापुन्हा शीर शोधणे, यांपैकी पहिला अनुभव जसा जातो तसे पुढचे अनुभव ठरतात. चारचौघांनी हातपाय दाबून धरलेले मूल पुढच्या खेपेस रुग्णालयाच्या फाटकाशीच किंचाळू लागते. काहींना औषध देण्यापूर्वीच, केवळ तेथील वासाने उलटी होते. हे ढोंग नव्हे. औषधाने झालेल्या उलटीशी मनाने तो वास जोडून टाकलेला असतो. यावर साधे उपाय आहेत. सुई टोचण्यापूर्वी तासभर त्वचा बधिर करणारे मलम लावता येते. मुलाला आडवे दाबण्याऐवजी आईच्या मांडीवर उभट बसवून धरता येते. साबणाचे फुगे फुंकावयास लावले तर श्वास लांबतो आणि लक्षही दुसरीकडे जाते. 'मुळीच दुखणार नाही' असे मात्र कधीही सांगू नये. ते एकदाच खपते. 'दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत दुखेल, मी हात धरून बसेन' हे खरे बोलणे मुलाला अधिक धीर देते. सुई टोचायची की नाही हे त्याने ठरवावयाचे नाही; पण कोणत्या हाताला टोचावी, हे त्याला निवडू द्यावे. ज्याच्या हाती काहीच उरलेले नाही त्याला एवढी निवडही मोठी असते.

परंतु आमच्या मते सर्वांत गंभीर प्रश्न मौनाचा आहे. मुलाला काही कळू द्यायचे नाही, असा निश्चय बहुतेक कुटुंबे प्रेमापोटी करतात. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये राहून जे पाहिले, ते १९७८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या काळी ही मुले बहुधा वाचत नसत. कोणी काहीही सांगितले नसता, आपला आजार गंभीर आहे, औषधांची नावे काय, त्यांनी काय होते, आजार उलटतो म्हणजे काय आणि अखेरीस मृत्यू येतो, हे त्या मुलांनी पायरीपायरीने जाणले होते. एकमेकांकडून, मोठ्यांच्या कुजबुजीतून, शेजारची खाट रिकामी झाल्यावरून. आणि यात वयापेक्षा अनुभवाचा वाटा मोठा होता. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, आईवडिलांना दुःख होऊ नये म्हणून मुलेही आपल्याला काही ठाऊक नाही असे दाखवीत. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत होत्या आणि मूल आपल्या भयासह एकटे पडत होते.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, बरे होण्याची आशा खरी आहे. म्हणून तर लपविण्याचे कारण अधिकच उरत नाही. सगळे एकदम सांगावे असे नव्हे. मूल विचारील तेवढे, त्याला पेलेल तेवढे आणि खोटे काहीही नाही, इतके पथ्य पुरे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मृत्यू हा न परतीचा आहे हे नीट उमगत नाही. त्याला भय असते ते आईपासून दूर होण्याचे. याच वयात आणखी एक कल्पना घर करते, ती म्हणजे आपण काही वाईट केले म्हणून ही शिक्षा मिळाली. भावाला ढकलले, औषध थुंकले, म्हणून. अशा वेळी भेटीस आलेल्या एखाद्या नातलगाने पूर्वजन्मीच्या पापाची गोष्ट काढली, तर त्या कोवळ्या अपराधभावाला मोठ्यांची साक्ष मिळते. आजचे दुःख गतजन्मीच्या कर्मावरून ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात नाकारली आहे, हे आपण जाणतो. ते वाक्य वादविवादात वापरण्यापेक्षा अशा खाटेजवळ अधिक उपयोगी आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत पेशींच्या वाढीत आपोआप झालेला बिघाड एवढेच या रोगाचे कारण असते. मुलाचा दोष नाही, आईचा नाही.

शिस्तीविषयी थोडेसे. आजारी म्हणून सर्व हट्ट पुरविले की मुलाला बरे वाटेल, ही समजूत चुकीची आहे. घरातील सर्व नियम एकाएकी गळून पडले तर मुलाला त्यातून एकच अर्थ लागतो: काहीतरी फार भयंकर आहे. मोठ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले केले किंवा अंगठा चोखला तर त्याला हिणवू नये. पण भावंडाला मारू देऊ नये. किशोरवयीनांची गोष्ट वेगळी. केस गळल्याची लाज आणि सततच्या पहाऱ्याचा कंटाळा यांतून ती घरच्या गोळ्या गुपचूप टाकून देतात. गोळ्या वारंवार चुकल्या तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. येथे दटावण्याने भागत नाही, गोळीचे काम समजावून द्यावे लागते.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळला उभे आहे. तेथे विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबे येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कित्येकांना आसरा मिळतो. २००६ पासून सेंट ज्यूड केंद्रांनी उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी निवासाची विनामूल्य सोय उभी केली. राहावयास छप्पर असणे हा मुलाच्या मनःस्वास्थ्याचाच भाग आहे, कारण पदपथावर झोपणाऱ्या आईजवळ फुगे फुंकण्याइतके त्राण उरत नाही. आणि गावी आजीजवळ ठेवलेली भावंडे? त्यांना कोणी काही सांगत नाही. आई परत का येत नाही, याचे उत्तर तीही आपल्याच दोषात शोधतात. आठवड्यातून एकदा फोनवर त्यांचे नाव घेऊन बोलणे, एवढे तरी होऊ शकते.

शाळेचा प्रश्न मोठा आहे. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, तरीही परतलेल्या मुलाचा डबा वेगळा ठेवला जातो, बाक वेगळा दिला जातो. वेगळे बसविण्याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असताना मुलाला इतरांच्या संसर्गापासून जपावे लागते हे खरे. पण ते त्याच्या रक्षणासाठी आणि डॉक्टर सांगतील तेवढ्याच काळासाठी. शिक्षकाने मुलाच्या व पालकांच्या संमतीने वर्गाला दोन गोष्टी सांगितल्या की निम्मी कुजबुज थांबते.

उपचार संपतात त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात आणि नेमके त्यानंतर काही मुले अस्वस्थ होतात. गोळी होती तोवर रोग बाहेर होता असे त्यांना वाटत असते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, पोट दुखते. काहींना पुढे वर्गात लक्ष लागत नाही, पाठांतर मंदावते. मेंदूकडे दिलेल्या औषधांचा वा किरणांचा तो उशिरा दिसणारा परिणाम असू शकतो व त्याची तपासणी करून घेता येते. बऱ्या झालेल्यांनी एकमेकांना आधार द्यावा म्हणून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या अंतर्गत २००९ साली 'उगम' हा गट सुरू झाला. लहानपणी हा आजार भोगून आज तरुण झालेली माणसे त्यात आहेत. नुकतेच केस गळलेल्या मुलासमोर असा एक तरुण येऊन बसला की ते मूल प्रथम त्याच्या डोक्याकडे पाहते, आणि मग त्याला प्रश्न विचारू लागते. हे प्रश्न बहुधा त्याने आईला कधीच विचारलेले नसतात.