मुरघास : गवत मुरते कसे?

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, क्वचित एखादा वक्ताही मुरलेला निघतो. पण गवतसुद्धा मुरते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. हिरवा चारा हवाबंद करून मुरविला की त्याला ‘मुरघास’ म्हणतात. पुणेकरांच्या चहातील दुधाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

मावळ-मुळशीकडे पावसाळ्यात गवत अमाप वाढते. फुलोऱ्याच्या सुमारास ते सकस असते. पण तेव्हा पाऊस असल्याने वाळविता येत नाही. उघडीप होईतो ते निबर होते व त्यातील प्रथिने घटतात. मग उन्हाळ्यात जनावरांपुढे नुसत्या काड्या पडतात आणि दूध आटते. १९७२ च्या दुष्काळात तर चाऱ्यावाचून जनावरे कवडीमोलाने विकण्याची पाळी अनेकांवर आली.

मुरघासासाठी चारा बारीक कापून खड्ड्यात घट्ट दाबतात आणि वरून प्लॅस्टिकचा कागद व माती घालून झाकतात. आतला प्राणवायू संपला की दह्यातील जंतूंचे भाऊबंद कामाला लागतात व चाऱ्यातील साखरेचे दुग्धाम्ल करतात. आम्लतेचा निर्देशांक (पीएच) ४ च्या आसपास उतरला की नासविणारे जंतू थंडावतात. साखर अपुरी किंवा पाणी जास्त असेल, तर मात्र ब्यूटिरिक आम्ल करणारे जंतू माजतात आणि खड्डा दुर्गंधीने भरतो.

इथेच गवत अडते. मक्यात साखर पुरेशी असते. थंड प्रदेशांतील गवते फ्रुक्टन नावाची विरघळणारी शर्करा साठवितात. आपली गवते स्टार्च साठवितात, आणि तो बहुतेक दुग्धाम्ल-जंतूंना पचत नाही. म्हणून मक्यासाठी टनामागे २ किलो गूळ टाकण्याची जी रीत आहे, ती गवताला पुरत नाही. गवताला टनामागे २० ते ४० किलो मळी किंवा गूळ पाण्यात कालवून थराथरावर शिंपडावा लागतो. मळीसाठी परवान्याचे सोपस्कार असल्याने लहान शेतकऱ्याला गूळच सोयीचा.

ताक घातल्याने जंतू वाढतात. पण खायला साखर नसेल तर तेही उपाशीच! मिठाने चव येते. उघडीप मिळाल्यास गवत अर्धा दिवस सुकवावे, न मिळाल्यास गव्हाचा कोंडा मिसळावा. पाणी ६५-७० टक्क्यांवर आणणे हा हेतू.

फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यावर सौम्य खनिज आम्ले शिंपडून तो टिकविण्याची पद्धत काढली; १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कार्याचा मोठा वाटा होता. त्यांनी आम्ल बाहेरून घातले. गूळ ते आतच तयार करवितो.

सुमारे ४५ दिवसांनी खड्डा उघडावा. रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबटगोड असेल तर मुरघास साधला. काळा, बुळबुळीत, बुरशी आलेला भाग जनावरांना घालू नये. गुळाला पैसे पडतात, हे खरे. पण तो वाचविण्याच्या नादात खड्डा नासला, तर गूळही जातो, गवतही जाते आणि ऐन वैशाखात गोठा रिकाम्या गव्हाणीकडे पाहत राहतो.