उन्हाने उसवलेल्या डीएनएचं रफू

[हे भागाचं शब्दांकन आहे. बोलताना अडखळलेल्या जागा गाळल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.]

आजचा विषय आहे त्वचेचा कॅन्सर. आता हे ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी अर्धे लोक म्हणतील, "तो गोऱ्यांचा आजार, आपल्याला काय त्याचं?" आणि ते अगदीच चुकीचं नाही. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन बरंचसं ऊन अडवतं, त्यामुळे भारतात हा कॅन्सर कमी दिसतो. पण मेलॅनिन म्हणजे फक्त छत्री. छत्रीतून जे आत शिरतं त्याचं काय होतं, ही खरी गोष्ट आहे. आणि ती आपल्याला कळली ती मुख्यतः काही थोड्या मुलांमुळे, ज्यांना आठव्या-नवव्या वर्षीच त्वचेचा कॅन्सर होतो.

आधी ऊन करतं काय ते बघू. उन्हातले अतिनील किरण पेशीच्या आत डीएनएपर्यंत पोचतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ, हे तुम्हाला माहीतच आहे. किरणांमुळे या ओळीतली शेजारशेजारची दोन अक्षरं, बहुतेकदा दोन थायमिन, एकमेकांना चिकटून बसतात. ओळीला तिथे कुबड येतं. पेशी दोन होताना या ओळीची नक्कल करायची असते, आणि नक्कल करणारं यंत्र नेमकं त्या कुबडावर अडखळतं. कधी थांबतं, कधी अंदाजाने भलतंच अक्षर टाकून पुढे जातं. असं चुकीचं अक्षर पेशीची वाढ आवरणाऱ्या जनुकात पडलं, आणि अशा चुका साठत गेल्या, की कॅन्सर.

उन्हात उघड्या राहिलेल्या एका पेशीत एका दिवसात अशी हजारो कुबडं तयार होऊ शकतात. मग आयुष्यभर शेतात राबणाऱ्या माणसाला कॅन्सर का होत नाही? कारण पेशी ती दुरुस्त करत असते. रात्रंदिवस. रस्त्यावरचा खड्डा नीट बुजवायचा असेल तर त्याच्याभोवती आधी चौकोन कापून काढावा लागतो (आपल्याकडे तसं करतात का, तो विषय वेगळा). पेशी नेमकं तेच करते. एक प्रथिन कुबड शोधतं, दुसरं खात्री करतं, आणखी दोन तिथली दोरी उलगडतात, मग दोन कात्र्या कुबडाच्या दोन बाजूंना चीर देतात. माणसात सुमारे ३० अक्षरांचा तुकडा निघून येतो. समोरच्या धाग्यावरून बघून ती जागा नव्याने भरली जाते आणि शेवटी टाका घातला जातो.

हे कापणं-भरणं जिवाणूंमध्ये होतं, हे १९६४ मध्ये कळलं होतं. माणसासाठी ते किती महत्त्वाचं आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेम्स क्लीव्हर नावाचे एक तरुण ब्रिटिश संशोधक पेशींमधल्या याच दुरुस्तीवर काम करत होते. त्यांच्या वाचनात वर्तमानपत्रातली एक बातमी आली. झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाच्या आजाराबद्दल. नाव जड आहे, आपण एक्सपी म्हणू. या मुलांना ऊन सोसत नाही, अंगावर लहानपणीच ठिपके उमटतात आणि पुढे कॅन्सरमागून कॅन्सर होतात. व्हिएन्नाच्या मॉरित्झ कापोसी यांनी १८७४ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं, पण कारण नव्वद वर्षं सापडलं नव्हतं. क्लीव्हर यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मिळवल्या, त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला आणि बघितलं. दुरुस्ती होतच नव्हती! १९६८ मध्ये 'नेचर'मध्ये हा शोध छापून आला.

म्हणजे बघा, ऊन तेच. कुबडंही तितकीच. फक्त रफू करणारा कारागीर जागेवर नाही.

पुढे कळलं की हा आजार आठ जनुकांपैकी कुठलंही एक बिघडलं तरी होऊ शकतो. शोधणारं, उलगडणारं, कापणारं, प्रत्येकाचं जनुक वेगळं. आठव्या प्रकारात तर दुरुस्ती ठीक असते, पण कुबडावरून न चुकता नक्कल करणारं खास प्रथिन नसतं. या यंत्रणेचे तपशील ज्यांनी उलगडले त्यांतले अझीझ संजार यांना २०१५ मध्ये टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. संजार मूळचे तुर्कस्तानातल्या सावूर या लहानशा गावचे, आणि संशोधनाकडे वळण्याआधी काही काळ ते गावाकडेच डॉक्टर होते. मला हा तपशील आवडतो, कारण आपली आजची गोष्टही शेवटी गावातल्या दवाखान्यातच जाऊन पोचणार आहे.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७१ ते २००९ या काळात १०६ एक्सपी रुग्ण तपासले. मेलॅनोमा सोडून इतर प्रकारचा पहिला त्वचेचा कॅन्सर होण्याचं त्यांचं मधलं वय होतं ९ वर्षं. इतर लोकांत तेच ६७. वीस वर्षांखालच्या एक्सपी मुलांमध्ये या कॅन्सरचा धोका सर्वसाधारणपेक्षा सुमारे १०,००० पट आणि मेलॅनोमाचा सुमारे २,००० पट निघाला. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांच्या मज्जासंस्थेचीही झीज होते: ऐकू कमी येणं, चालताना तोल जाणं.

हा आजार दुर्मीळ आहे. युरोप-अमेरिकेत दहा लाखांत एखादा, जपानमध्ये साधारण बावीस हजारांत एक. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. दोघंही वाहक असतील, स्वतः ठणठणीत असतील, तरी प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. म्हणूनच जिथे नात्यात लग्नं होतात किंवा गाव लहान आणि एकमेकांतच गुंतलेलं असतं तिथे तो जास्त दिसतो. ब्राझीलमधल्या गोयास राज्यातलं अरारास हे सुमारे ८०० वस्तीचं शेतकऱ्यांचं गाव, आणि तिथे वीसहून जास्त लोकांना एक्सपी! आपल्याकडेही मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं करणारी घरं आहेत. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाहीये. पण अशा घरात एका मुलाला एक्सपी निघाला, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घेता येतो, हे त्या घराला माहीत असायला हवं.

उपचार काय? बिघडलेलं जनुक बदलून देणारा उपचार आज दवाखान्यात मिळत नाही. एक प्रयोग मात्र फार सुंदर होता. जिवाणूंवर जगणाऱ्या टी-४ नावाच्या विषाणूकडे कुबड ओळखून तिथे चीर देणारं स्वतःचं एन्झाइम असतं. डॅनियल यारोश आणि सहकाऱ्यांनी ते चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून लोशन बनवलं आणि ३० एक्सपी रुग्णांवर वर्षभर वापरून पाहिलं. कॅन्सरच्या आधी येणारे खरबरीत चट्टे ६८ टक्क्यांनी आणि बेसल सेल कॅन्सर ३० टक्क्यांनी कमी झाले. २००१ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. तरीही ते मान्यताप्राप्त औषध झालं नाही. त्यामुळे 'डीएनए रिपेअर' असं लिहिलेली महागडी क्रीम दुकानात दिसली तर मी तरी पाकीट काढणार नाही.

मग उरतं ऊन टाळणं. आणि ते 'टोपी घाल' एवढ्यावर भागत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, चेहऱ्यासमोर अतिनील किरण अडवणारी काच, सनस्क्रीन. खिडकीची साधी काच पुरत नाही, कारण तिच्यातून अतिनील किरणांचा एक प्रकार आत येतोच. म्हणून काचेवर फिल्म लावतात. काही दिव्यांतूनही असे किरण येतात, ते मीटरने मोजावे लागतात. ऊन नाही म्हणून 'ड' जीवनसत्त्व गोळीतून. शिवाय दर थोड्या महिन्यांनी सगळ्या अंगाची तपासणी, डोळे, जीभ, टाळूसकट.

आता खरी अडचण बघा. समजा असं मूल आदिवासी पाड्यावर आहे. त्वचेचे तज्ज्ञ शहरात. पहाटेची एसटी, मग रांग, मग दुपारची परतीची गाडी. ज्याला ऊन हेच विष आहे त्याला तपासणीसाठी दिवसभर उन्हातून नेऊन आणायचं! फोटोवरून तपासणीला मी 'सोय' म्हणत नाही ते यामुळेच. या मुलांसाठी घरी, दिवेलागणीनंतर काढलेले फोटो पाठवून दोन भेटींमधली देखरेख होणं हा उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडे त्याला कायदेशीर चौकट आहे. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, आणि ई-संजीवनीवर केंद्रातले डॉक्टर तज्ज्ञांशी बोलू शकतात. त्वचेचं एक बरं असतं, फोटो आज पाठवला आणि उत्तर उद्या आलं तरी बहुतेकदा चालतं.

पण फोटोला मर्यादा आहेत. हाताला जाणवणारा टणकपणा फोटोत येत नाही. आणि जे दाखवलं तेवढंच तज्ज्ञाला दिसतं. पाठीवरचा दुसरा डाग कुणी पाहिलाच नाही तर तो राहूनच जातो. यंत्रही चुकतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने सुमारे १,२९,००० चित्रांवर शिकवलेला संगणक कॅन्सर ओळखण्यात तज्ज्ञांच्या तोडीचा ठरला. नंतर त्यांच्याच लक्षात आलं की फोटोत मोजपट्टी असली की तो कॅन्सरकडे झुकतो, कारण डॉक्टर संशयास्पद डागाशेजारीच पट्टी ठेवतात. त्यात अशा चित्रसंग्रहांत गोरी त्वचाच जास्त. आपल्यासारख्या त्वचेत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि तिथे त्याचा उन्हाशी फारसा संबंधही नसतो. बॉब मार्ली यांना झालेला मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचाच होता. आपल्याकडे अशा काळ्या डागाला कुरूप किंवा मार लागला असेल म्हणून सोडून देतात. म्हणून माझं मत: फोटोने 'कॅन्सर आहे की नाही' हे ठरवू नये, 'किती लवकर प्रत्यक्ष बघायला हवं' एवढंच ठरवावं. निदान बायोप्सीनेच.

आशाताई, अंगणवाडी सेविका, बालरोगतज्ज्ञ हा भाग ऐकत असतील तर एक्सपीची खूण लक्षात ठेवा: दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या चेहऱ्यावर, उघड्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि कपड्याखालची कातडी मात्र स्वच्छ. उजेडात डोळे मिटून घेणं, डोळे लाल राहणं. काही बाळांची कातडी थोड्याशा उन्हानेही भाजल्यासारखी होते, पण काहींची अजिबात होत नाही, त्यामुळे 'भाजत नाही म्हणजे एक्सपी नाही' असं धरू नका. फोटो काढताना फोनमधला ब्यूटी मोड आधी बंद करा, नाहीतर तो नेमके ठिपकेच पुसून टाकतो. एक फोटो लांबून, म्हणजे डाग अंगावर कुठे आहे ते कळेल. एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. आणि एक झाकलेल्या जागेचा, तुलनेसाठी. आणि उत्तर येईपर्यंत वाट बघू नका, बाळाला त्याच दिवसापासून उन्हाआड ठेवा.

पुढच्या भागात श्रोत्यांनी पाठवलेले सनस्क्रीनबद्दलचे प्रश्न घेऊ.