चामड्यात दडलेला काळा रंग

लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. याच क्रियेने चामडेही रंगवता येते.

कोल्हापुरी चपलेचे कातडे पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्यांतील टॅनिन कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंना घट्ट धरून राहते, म्हणून चामडे कुजत नाही. म्हणजे रंगाचा अर्धा भाग चामड्यात आधीच असतो. उरलेला अर्धा आपण तयार करू.

बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात जस्ताचा मुलामा नसलेले लोखंडी खिळे टाकावेत. हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून झाकण सैल ठेवावे व जवळपास ज्योत नसावी. आठवड्याने द्रावण गाळून घ्यावे आणि अशा चामड्याच्या तुकड्यावर लावावे. थोड्याच वेळात तो काळा पडू लागतो. लोह व टॅनिन यांचे संयुग तंतूंच्या आतच तयार होते आणि हवेतील ऑक्सिजनमुळे गडद होते. त्यामुळे वरून फासलेल्या रंगासारखे त्याचे पोपडे निघत नाहीत.

मात्र लोह व आम्ल जास्त झाले तर तंतू कमजोर होऊन चामडे पुढे तडकते. म्हणून द्रावण पाणी घालून सौम्य करावे. रंगलेला तुकडा खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणाने व नंतर पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि त्याला तेल लावावे.

केवळ क्रोमियम क्षारांनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन नसते. त्यावर हे द्रावण लावल्यास काय होईल? आणि आधी ते हिरड्याच्या काढ्यात भिजवले तर? उत्तर सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना अंदाज करू द्यावा.